ओसरीवरून : रोमची सांज आणि रोवणीची सांज



पंढरीला जाऊन आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? दर्शन झाले का, गर्दी कितपत होती, चंद्रभागेला पाणी होते का. दर्शन आटोपल्यावर संध्याकाळी काय केलेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज या सदरात तोच प्रश्न विचारायचा आहे, पण जरा दूरच्या यात्रेकरूला. समजा, आपल्या बल्लारपूरचे एक कॅथलिक कुटुंब आठ दिवसांची सुट्टी काढून रोमला गेले. दिवसभर त्यांनी चर्चे पाहिली, संतांच्या समाध्या पाहिल्या, पाय दुखेस्तोवर हिंडले. आता संध्याकाळ झाली. हातात काही काम नाही. मग ती माणसे काय करतात? आणि ती संध्याकाळ त्यांना इतकी निवांत कशी काय मिळते?

बल्लारपूरचेच कुटुंब का, असे कोणी म्हणेल. तर आपल्या जिल्ह्यात कॅथलिक वस्ती थोडी असली तरी ती कालपरवाची नाही. केरळातल्या सिरो-मलबार चर्चने १९६२ पासून चांदा भागात काम सुरू केले. १९७७ साली चांदा हा रीतसर धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य चर्च बल्लारपूरला आहे आणि ते संत थॉमस यांच्या नावाचे आहे. कागद कारखाना, कोळशाच्या खाणी, शाळा, दवाखाने यांच्या निमित्ताने केरळातून आलेली कित्येक घरे इथलीच होऊन गेली. दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर तुम्ही पाहिल्या असतील. अशा माणसांना रोम म्हणजे आपल्याला जशी पंढरी.

मराठीतून लिहिणारे कॅथलिकही आपल्याला परके नाहीत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. त्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा मान मिळाला. परदेशच्या प्रवासावर त्यांनी ‘ओअॅसिसच्या शोधात’ हे पुस्तक लिहिले. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. धर्म ख्रिस्ती, घर वसईच्या वाडीतले आणि भाषा मराठी, अशी ही माणसे.

आता रोमच्या सांजेकडे वळू.

पहिली गोष्ट उजेडाची. रोम आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला आहे. त्यामुळे तिथला उन्हाळ्यातला दिवस फार लांब असतो. जूनअखेर चंद्रपुरात दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सातच्या आत सूर्य बुडतो. रोममध्ये त्याच दिवशी सव्वापंधरा तास उजेड असतो आणि सूर्य मावळायला पावणेनऊ होतात. हिवाळ्यात याचे उलटे. डिसेंबरात तिथे जेमतेम नऊ तासांचा दिवस, आणि आपल्याकडे जवळजवळ अकरा तासांचा. म्हणजे उन्हाळ्यात जाणाऱ्या पाहुण्याला काम संपल्यावरही दोन-तीन तास उजेडाचे मिळतात. तिथली माणसे ते उजेडाचे तास घरात बसून घालवीत नाहीत. सारे गाव बाहेर येते.

दुसरी गोष्ट घंटेची. कॅथलिक चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीन वेळा वाजते. तिला अँजेलसची घंटा म्हणतात. ती ऐकली की हातातले काम क्षणभर थांबवायचे आणि छोटी प्रार्थना म्हणायची, अशी जुनी चाल. गंमत अशी की इटलीत कित्येक शतके घड्याळच या संध्याकाळच्या घंटेवर चालत होते. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने घंटा वाजली की दिवस संपला, आणि तिथूनच पुढच्या दिवसाचे तास मोजायला सुरुवात. आपल्या पंचांगात दिवस उगवतो तो सूर्याबरोबर. त्यांचा दिवस उगवायचा तो सांजेला, म्हणजे विसाव्यापासून. अजूनही त्याची एक खूण उरली आहे. कॅथलिकाने रविवारी मिस्सेला जावे असा नियम, पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा ऐकली तरी ती रविवारची धरली जाते. तेव्हा आपले बल्लारपूरचे कुटुंब शनिवारी सांजेला एखाद्या जुन्या चर्चमध्ये जाऊन येते. भाषा कळत नाही, पण कुठे उभे राहायचे, कुठे गुडघे टेकायचे, हे सारे ओळखीचे असते. परमुलखात आपल्या देवाच्या घरी गेल्याचे समाधान घेऊन ती माणसे बाहेर पडतात.

बाहेर काय, तर चौक. रोममध्ये पावलोपावली चौक आहेत. त्यांतला एक मोठा चौक संत पीटरच्या चर्चसमोरचा. बेर्निनी नावाच्या कारागिराने १६५६ ते १६६७ या काळात तो बांधला. दोन्ही बाजूंनी कवेत घ्यावे तशा खांबांच्या रांगा आहेत, एकूण २८४ खांब. मध्ये इजिप्तहून आणलेला दगडी सुळका, १५८६ साली माणसे आणि घोडे लावून इथे उभा केलेला. दिवसा तिथे उन्हात रांगा लागतात. सांजेला दगड निवतात, लोक खांबांच्या पायथ्याशी टेकतात, पोरे धावतात, म्हातारी माणसे हात पाठीमागे बांधून सावकाश चालतात. इटलीत या सावकाश चालण्याला वेगळे नावच आहे. जेवणाआधी, चांगले कपडे घालून, नवराबायको, आजी, नातवंडे सगळ्यांनी गावातून एक फेरी मारायची. कुठे पोहोचायचे नसते. ओळखीचे भेटले की थांबायचे, विचारपूस करायची, पुढे व्हायचे. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी नवे धोतर-लुगडे नेसून गाव जसे बाहेर पडते, तसे तिथे रोज.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ही शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी. रोमच्या रस्त्यांवर बिडाच्या छोट्या खांबांसारखे पाण्याचे नळ आहेत. त्यांची तोटी वाकड्या नाकासारखी असते म्हणून लोक त्यांना ‘मोठे नाक’ म्हणतात. १८७४ पासून ते बसवायला लागले. शहरात असे सुमारे अडीच हजार आहेत. त्यातून गार, पिण्याचे पाणी अहोरात्र वाहते आणि ते फुकट आहे. पाहुण्याने बाटली भरावी नाहीतर ओंजळ धरावी. ट्रेव्ही म्हणून जे प्रसिद्ध कारंजे आहे, ते १७६२ साली पुरे झाले. पण त्याला पाणी पुरवणारा पाट इसवी सनाच्या १९ वर्षे आधीचा. दोन हजार वर्षांत तो पडला, बुजला, पुन्हा दुरुस्त झाला, आणि पाणी आजही येते आहे. त्या कारंज्यात पाठमोरे उभे राहून डाव्या खांद्यावरून नाणे टाकले की पुन्हा रोमला येणे होते, असा समज आहे. ती नाणी गोळा करून कॅरितास या कॅथलिक संस्थेला गोरगरिबांसाठी दिली जातात. पाहुण्यांची हौस, आणि उपाशी माणसाला जेवण.

आपण यात फार मागे आहोत असे समजू नका. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी या धानपट्ट्यात शेकडो मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी मंडळींनी चढउतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून त्यांच्या पाळी बांधल्या. पाणी एका तलावातून दुसऱ्यात आणि तिथून बांधीत जाईल अशी रचना केली. फरक इतकाच की त्यांनी आपला पाट दुरुस्त करीत ठेवला, आणि आपले पुष्कळ तलाव गाळाने भरले.

रात्री साडेआठ-नऊला जेवण. रस्त्यावर टेबले मांडलेली असतात. पाव, तेल, भाजी, मासळी, पिझ्झा, आणि ज्याला हवा त्याला द्राक्षाच्या दारूचा एक पेला. तो पेला जेवणाबरोबर दोन तास पुरतो. आपले कुटुंब बसले आहे, पाय मोकळे सोडले आहेत. आईने आज चूल पेटवलेली नाही. बापाच्या खिशात उद्याच्या कामाची चिठ्ठी नाही. मंडळी, निवांत सांज ती हीच.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, छान आहे, पण पैसेवाल्यांची चैन ती. आम्हाला काय त्याचे? थांबा. आता हिशेब मांडू या.

उन्हाळ्यात रोमचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तिथे साडेआठ वाजले, माणसे जेवायला बसली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात. जुलैचा महिना आहे. दिवसभर चिखलात कंबर वाकवून रोवणी करून आलेली बाई आता निजली आहे. चार तासांनी तिला उठायचे आहे. सडा, पाणी, चूल, पोरांचे, जनावरांचे पाहून सकाळी पुन्हा पऱ्हे उपटायला बांधीत उभे राहायचे आहे. हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे असते. तिथे संध्याकाळचे साडेसात, इथे मध्यरात्र. या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीला असेल, तर हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला घरधनी बॅटरी आणि काठी घेऊन निघाला आहे. शेजारच्या धुऱ्यावर कोणी माळ्यावर बसून रानडुकरांसाठी डबा वाजवतो आहे. तोही जागाच.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तर या रात्रीला आणखी एक धनी आहे. ताडोबाचे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारीसह व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ राखला गेला, वाढला, याचा अभिमान आहेच. पण तो आता राखीव जंगलाच्या रेषेत मावत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागांत तो गावाच्या पांदणीपर्यंत येतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या तोंडी गेल्या, आणि तेही दिवसाउजेडी. मग सांजेची गोष्टच नको. दिवस कलला की पोरांना आत घ्या, बकऱ्या बांधा, दार लावा. ज्या वेळी रोमचे गाव बाहेर पडते, त्या वेळी आपले गाव आत शिरते. ज्यांच्या घरी अजून संडास नाही किंवा असून पाणी नाही, त्या घरच्या बाईला तर अंधार पडण्याची वाट पाहायची आणि अंधाराला भ्यायचेही, अशी दुहेरी अडचण.

तेव्हा निवांत सांज ही चैन आहे का, हा प्रश्न पुन्हा विचारा. रोमच्या त्या कुटुंबाला काय काय मिळाले होते? चालायला निर्धोक रस्ता. टेकायला जागा. प्यायला पाणी. कामाला एक शेवट. आणि चुलीपासून एका बाईची सुटका. यातली सोन्याची वस्तू एकही नाही.

कामाच्या शेवटाबद्दल एक जुनी हकिकत सांगतो. रोमचा बादशहा कॉन्स्टन्टाइन याने इसवी सन ३२१ मध्ये हुकूम काढला की रविवारी कचेऱ्या आणि शहरातले कारागीर यांनी काम बंद ठेवावे. रविवारच्या सुट्टीचा सरकारी हुकूम तो हा. पण त्यातच पुढे लिहिले होते की खेड्यातल्या माणसांनी खुशाल शेत कसावे, कारण पेरणीची वेळ एकदा टळली की टळली. बादशहाचे म्हणणे खोटे नव्हते. वापसा रविवार पाहून येत नाही. पण पाहा, सुट्टी जन्मली त्याच दिवशी शेतकऱ्याला तिच्यातून वगळले गेले. सोळा-सतराशे वर्षे झाली, अजून तो बाहेरच आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराचे आठवड्याचे ४८ तास बांधून दिले. बल्लारपूरच्या कारखान्यात भोंगा झाला की पाळी सुटायची. बांधीत भोंगा कधी वाजला नाही.

कोणी म्हणेल, शेतीत हे शक्यच नाही. तर आता दुसरी हकिकत ऐका, आणि ती त्याच इटलीतली. तिच्या उत्तर भागात पो नदीच्या खोऱ्यात आपल्यासारखेच धान पिकते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मे-जूनच्या सुमारास दूरदूरच्या गावांहून हजारो बाया तिथे निंदणीला आणि रोवणीला यायच्या. गुडघाभर पाण्यात, अनवाणी, पाठ वाकलेली, डोक्यावर ऊन, अंगाला डास आणि जळवा, सकाळपासून सांजेपर्यंत. आपल्या बायांना हे वर्णन वाचून दाखवा, त्या म्हणतील हे आमच्याच गावचे. या बायांनी कामाचे तास कमी करा म्हणून संप केले. १९०६ साली व्हर्चेल्लीच्या भागात त्यांनी आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. साऱ्या देशाला आठ तासांचा कायदा मिळाला तो १९२३ मध्ये. म्हणजे सतरा वर्षे आधी धानाच्या चिखलात उभ्या असलेल्या बायांनी तो मिळवला होता. आज इटलीच्या चौकात जी सांज पाहुण्याला दिसते, तिच्या मुळाशी चिखलाने माखलेले पायही आहेत, हे विसरू नये.

आणि बसण्याची जागा? तीही फुकट मिळत नाही. रोममध्येच एक मोठा दगडी जिना आहे, १३५ पायऱ्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या लोक सांजेला त्याच्यावर बसत आले. २०१९ साली तिथे बसायला बंदी झाली, बसेल त्याला दंड. जिना खराब होतो हे खरे, पण बसणाऱ्यांना वाईट वाटले हेही खरे.

आपल्या गडचिरोलीत बसण्याच्या जागेची याहून मोठी गोष्ट घडून गेली आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा गाव तुम्हाला ठाऊक असेल. जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळवणारे ते आधीच्या गावांपैकी एक. पण त्याच्या लढ्यातले एक पाऊल गोटुलाचे होते. गोटुल म्हणजे गोंड गावाची सांजेची जागा. दिवस मावळला की तिथे जमायचे, नाचायचे, शिकायचे, गावाचे बोलायचे. ती मोडत चालली होती. १९८० नंतरच्या दशकात गावाने ठरवले की आपण पुन्हा गोटुल बांधायचे, आणि चालीप्रमाणे जंगलातले लाकूड आणून बांधायचे. वनखात्याने हरकत घेतली आणि बांधलेले पाडले. तेव्हा आजूबाजूची गावेही पुढे झाली आणि त्यांनीही आपापली गोटुले उभारली. शेवटी गोटुल राहिले. त्याच गावात ग्रामसभा बसते, बाया बसतात, अभ्यास मंडळ बसते, आणि सगळ्यांचे एकमत होईस्तोवर बोलणे चालते. सांजेला एकत्र बसायला जागा नसती, तर तो गाव इतका शहाणा झाला असता का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

रोमची घंटा आपण पाहिली, तर आपलीही एक घंटा आठवू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी चिमूर भागातल्या जंगलात, गोंदेड्याच्या गुहेत साधना केली. १९५५ साली ते जपानला सर्व धर्मांच्या परिषदेला गेले. म्हणजे परमुलखातली सांज त्यांनीही पाहिली होती. पण गावाला त्यांनी दिली ती सामुदायिक प्रार्थना. सांजेला ठरल्या वेळी, जात-धर्म न पाहता, सगळ्यांनी रांगेत शांत बसायचे. विदर्भातल्या कितीतरी गावांत ही प्रार्थना आजही होते. मिले नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे एक जगप्रसिद्ध चित्र पॅरिसच्या संग्रहालयात आहे. बटाट्याच्या शेतात एक बाप्या आणि एक बाई उभे आहेत, अवजार जमिनीत रोवलेले, टोपली खाली, दूर चर्चचा मनोरा, आणि सांजेची घंटा ऐकून दोघांनी माना खाली घातल्या आहेत. मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. शेतात काम करताना घंटा झाली की आजी सगळ्यांना थांबवायची, ही त्याची लहानपणची आठवण होती. ते चित्र आपल्या गावी लावले तर कोणी परके म्हणणार नाही. दोघांच्या जागी फक्त धोतर आणि लुगडे कल्पावे. आणि एक गोष्ट त्यात नीट पाहावी. थांबले आहेत ते दोघेही. बाप्या थांबला आणि बाई टोपली भरतेच आहे, असे त्यात नाही.

इथेच आपले दुखणे आहे, मंडळी. आपल्या गावात ज्याला जशी मिळेल तशी सांज मिळते ती गड्यांना. पारावर कोण बसते? पानठेल्यावर कोण बसते? बाईने पारावर बसायचे नाही, आणि ओसरीवर बसायला तिला वेळ नाही. शेतातून दोघे बरोबर येतात. तो पाय धुऊन बसतो, ती पाय धुऊन चुलीपुढे जाते. बैलाला आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून जेवणाचे आवतण देतो, पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. बैलाचा एक दिवस आपण हजार वर्षे पाळला. घरच्या बाईचा कोणता?

त्या रोमच्या पेल्याबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याकडची कितीतरी घरांची सांज दारूने खाल्ली आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायांच्या चळवळीने २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली ती उठली. बंदी असावी की नसावी यावर माणसे भांडतील. पण ज्या घरी सांज झाली की लेकरे बापाची चाल ऐकून कोपऱ्यात सरकतात, त्या घरी सांज निवांत नाही, यावर भांडण नसावे. रोमच्या टेबलावर पेला असतो तसेच बायकापोरेही असतात. आपल्याकडे बाप्या एकटाच पितो आणि घरी फक्त त्याचा राग येतो.

तर करायचे काय? रोम आणता येणार नाही, आणण्याचे कारणही नाही. पण पाच गोष्टी गावाच्या हातच्या आहेत.

एक, दिवसाच्या विजेचा आग्रह. सरकारने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा काढला, तो शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. तुमच्या वाहिनीवर ती कधी येणार, हे ग्रामसभेत ठराव करून लेखी विचारा. सौरपंपाची योजना आहे, तिचा अर्ज भरा. रात्रीचे पाणी देणे थांबले तर घराला एक माणूस परत मिळतो.

दोन, सांजेचा रस्ता. शाळेची, शेताची आणि पाणवठ्याची वाट यांच्या दोन्ही बाजूंची झुडपे कापा, दिवे लावा. वनखात्याने वाघाच्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दले केली आहेत. आपल्या गावच्या दलातल्या पोरांची नावे आणि फोन पाराच्या भिंतीवर रंगवून घ्या. रोवणीहून येताना बायांनी एकेकटे न येता घोळक्याने यावे, आणि एक-दोन गड्यांनी सोबत चालावे.

तीन, बसायची जागा. पाराचे निखळलेले दगड बसवा. बायांसाठी वेगळा ओटा नको, त्याच पारावर जागा हवी. आठवड्यातून एक सांज तरी पार बायांचा, असे ठरवून पाहा. पहिल्या आठवड्यात कोणी येणार नाही. चौथ्या आठवड्यात गड्यांना जागा मिळणार नाही.

चार, कामाला शेवट. मजुरीचे तास आणि सुटीची वेळ हंगामाच्या आधी गावाने मिळून ठरवावी. मेंढ्याच्या लोकांनी जंगलाचे ठरवले, व्हर्चेल्लीच्या बायांनी धानाच्या चिखलाचे ठरवले, तर आपल्या बांधीचेही ठरेल. मालकाच्या घरचीही बाई त्याच चिखलात असते, हे मालकाने विसरू नये.

आणि पाच, चूल. याला ग्रामसभा लागत नाही, ठराव लागत नाही, वरून मंजुरीही लागत नाही. पाणी भरणे, तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, पोराला जेवू घालणे, भांडी घासणे. यातले एक काम घरच्या बाप्याने रोज उचलले, तर बाईला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात ती ओसरीवर येऊन बसेल.

सुरुवात या आठवड्यात करा. शेतातून दोघे आल्यावर आधी तिला बसवा, पाण्याचा गडवा तिच्या हातात द्या, आणि चहा तुम्ही ठेवा. साखर कमी-जास्त झाली तरी ती काही बोलायची नाही. पुढच्या वेळी जमेल. आणि मायबायांनो, तुम्हीही एक करा. तो चहा होईस्तोवर उठू नका.